रमणा, फुलराणी आणि एक्स्प्रेस पास

मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी पुण्याहून इमॅजिकाला जायचं ठरलं, की सहलीच्या आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तयार होतो. ग्रुपवर तिकिटांचे दर येतात. कोणीतरी ‘एका दिवसात सगळ्या राइड्स कशा कराल’ छापाचा व्हिडिओ टाकतं. कोणीतरी गूगल शीट उघडतं. साडेसातला चांदणी चौक, नऊला फूड मॉल, गेट उघडायच्या आत पार्किंग. गेट उघडलं की कुठेही फोटोला न थांबता सरळ नायट्रो, कारण अकरानंतर तिथे रांग लागते. जेवण साडेबाराच्या आत किंवा अडीचनंतर. ज्या दिवशी मजा करायची, त्या दिवसाचं वेळापत्रक दहावीच्या परीक्षेपेक्षा कडक असतं.

आणि एवढं करूनही दिवसाचा मोठा भाग रांगेतच जातो. राइड दोन-तीन मिनिटांची, रांग तासाभराची. ‘आपण गर्दीच्या दिवशी आलो’, ‘आपलं प्लॅनिंग चुकलं’, असं आपण म्हणतो. म्हणजे रांग हा दोष आपलाच, असं आपण मनोमन मान्य करून टाकलेलं असतं.

पण रांग आपोआप लागत नाही. ती कोणीतरी आखलेली असते. कोण आत येणार, कोण आधी जाणार, कोण कितीही वेळ थांबलं तरी चालेल, हे कोणीतरी ठरवलेलं असतं. पुण्यात तर हे ठरवण्याचा इतिहास अडीचशे वर्षांहून जुना आहे, आणि त्यातली दोन महत्त्वाची ठिकाणं पर्वतीच्या परिसरातच, एकमेकांपासून फार लांब नाहीत.

रमण्याचे चार दरवाजे

रमणा म्हणजे मुळात राखीव, कुंपण घातलेलं रमणीय मैदान. आजच्या भाषेत पार्कच. पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याला असा एक रमणा होता. चार दरवाजांचं मोठं आवार. त्याचा उपयोग वेगळ्याच गोष्टीसाठी होई: श्रावणातल्या दक्षिणावाटपासाठी.

ही दक्षिणा मूळची तळेगावच्या दाभाड्यांची. १७३१ साली डभोईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे मारले गेले आणि त्यानंतर ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात चालवली. थोरल्या बाजीरावानंतर नानासाहेबांच्या काळात तिचा पसारा प्रचंड वाढला. दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण श्रावणात पुण्याला येऊ लागले. शास्त्री-पंडितांची परीक्षा होऊन त्यांना विद्वत्तेप्रमाणे रक्कम मिळे. बाकीचे हजारो लोक रमण्यात जात.

आता प्रश्न असा, की हजारो माणसांना एका दिवसात पैसे कसे वाटायचे? एकच माणूस दोनदा आला तर ओळखायचा कसा? त्यावर पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी काढलेला तोडगा आजच्या कुठल्याही इव्हेंट मॅनेजरला ओळखीचा वाटेल. आधी सगळ्यांना आवारात घ्यायचं. आत येताना प्रत्येकावर लाल रंगाची खूण करायची. सगळे आत आले की दरवाजे बंद. मग बाहेर सोडताना एकेकाच्या हातावर दक्षिणा ठेवायची. वाटप चाले त्या दरवाजांवर खुद्द पेशव्यांपासून दरबारातले मोठे लोक बसत.

मनगटावरचा कागदी पट्टा, हातावरचा शिक्का, ‘एकदा बाहेर गेलात तर परत प्रवेश नाही’ ही पाटी, या सगळ्यांचे पूर्वज या रमण्यात सापडतात. आणि थांबणंही. एवढ्या लोकांना बाहेर काढायला रात्र उलटून जाई. महिना श्रावणाचा, डोक्यावर छप्पर नाही. दक्षिणेची रक्कम आकर्षक होती, पण ती मिळवण्यासाठी पावसात भिजत उभं राहणं हा तिच्या किमतीचाच भाग होता.

या रांगेबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र दरवाजांच्या बाहेर घडत होती. कोण आत येऊ शकतं, हे जन्मानेच ठरलेलं होतं. ज्या राज्याचा महसूल कुणब्याच्या शेतातून येत होता, त्या राज्याच्या तिजोरीतून वाटल्या जाणाऱ्या पैशाच्या रांगेत कुणब्याला उभंही राहता येत नव्हतं. आत तासन्‌तास ताटकळणाऱ्याचे हाल खरेच होते. पण ताटकळण्याचा हक्क हीसुद्धा एक सवलत होती.

पेशवाई गेली आणि रमण्यातलं हे सरसकट वाटप बंद पडलं. विद्वानांची दक्षिणा कमी होत काही वर्षं टिकली. त्याच निधीच्या जोरावर १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे दक्षिणेच्या पैशाचा काही भाग मराठी पुस्तकांच्या बक्षिसांकडे वळावा म्हणून पुण्यातल्या सुधारकांनी १८४९ मध्ये अर्ज केला, आणि त्यावरून शहरात मोठी खळबळ उडाली. रांगेत कोण उभं राहू शकतं याची व्याख्या बदलायची म्हटली, की भांडण होतंच.

सगळ्यांची एकच रांग

पर्वतीच्याच पायथ्याला नानासाहेब पेशव्यांनी एक तळं बांधवलं होतं. त्या तळ्यातल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ साली, गणपतीची स्थापना झाली. तोच आपला सारसबागेचा तळ्यातला गणपती. तळं गेलं, त्या जागेत बागा आल्या. १९५० मध्ये पुण्याची महानगरपालिका झाली आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५३ साली, तिथे पेशवे पार्कमध्ये प्राणिसंग्रहालय सुरू झालं.

८ एप्रिल १९५६ रोजी या पार्कात एक छोटी आगगाडी धावू लागली. फुलराणी.

ही तारीख जगाच्या नकाशावर ठेवून बघण्यासारखी आहे. अमेरिकेत वॉल्ट डिस्नेचं डिस्नेलँड उघडलं १७ जुलै १९५५ ला. म्हणजे फुलराणीच्या आधी नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. डिस्नेचा पहिला दिवस गाजला तो गोंधळासाठी. निमंत्रणं मोजकी होती, पण बनावट तिकिटं घेऊन हजारो लोक जास्तीचे घुसले. उन्हाने डांबर मऊ झालं आणि बायकांच्या टाचा त्यात रुतू लागल्या. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे अनेक नळ कोरडे. हा सगळा सोहळा टीव्हीवर थेट दाखवला जात होता. डिस्ने स्वतः आगगाड्यांचा वेडा होता. त्याने घराच्या अंगणात बसता येईल अशी छोटी रेल्वे बांधली होती, आणि डिस्नेलँडलाही चारी बाजूंनी वेढा घालणारी आगगाडी होतीच.

अमेरिकेतल्या एका कंपनीला आणि पुण्यातल्या नव्या महापालिकेला एकाच वर्षाच्या आत मुलांसाठी आगगाडी सोडावीशी वाटली. दोन्ही ठिकाणी युद्ध संपून दशक उलटलं होतं, शहरं वाढत होती. पण हेतू वेगळे होते. डिस्नेला धंदा उभा करायचा होता. महापालिका मात्र शहरातल्या कुठल्याही मुलाला परवडेल अशा तिकिटात आगगाडी देत होती. ही नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाची, नुकत्याच मोठ्या झालेल्या शहराची कल्पना होती: मजा ही नागरी सोय आहे. नळ, दिवाबत्ती, बाग, तशीच आगगाडी.

त्यामुळे फुलराणीच्या तिकीटखिडकीसमोर रमण्याच्या नेमकं उलट घडलं. सदाशिव पेठेतलं मूल, भवानी पेठेतलं मूल आणि गावाकडून मामाकडे आलेलं मूल, तिघांची रांग एकच. आडनाव कोणी विचारत नव्हतं. जास्त पैसे देऊन पुढे जायची दुसरी खिडकी नव्हती. आधी आलेला आधी बसणार.

रांग होतीच, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती लांबही असे. पण ही रांग कशी सुसह्य होई, हे समजायला पुढचं एक संशोधन उपयोगी पडतं. डेव्हिड मेस्टर या अभ्यासकाने १९८५ साली रांगांच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. त्याचं सांगणं थोडक्यात असं: रिकामं बसून काढलेला वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. किती थांबायचं हे माहीत नसलं, तर थांबणं लांब वाटतं. एकट्याने थांबणं सोबतीने थांबण्यापेक्षा लांब वाटतं. आणि अन्यायाचं थांबणं न्यायाच्या थांबण्यापेक्षा लांब वाटतं.

फुलराणीची रांग या चारही कसोट्यांवर पास होते. गाडी डोळ्यांसमोर फेरी मारत असायची, शिट्टी ऐकू यायची. फेरी केव्हा संपणार आणि आपल्यापुढे किती डबे भरतील, हे पाच वर्षांच्या मुलालाही मोजता यायचं. बरोबर भावंडं असायची. आणि मध्येच कोणी घुसलं तर अख्खी रांग ओरडायची.

प्राणी पुढे कात्रजच्या संग्रहालयात गेले, पार्कचं रूप पालटलं. २०१६ मध्ये फुलराणीला साठ वर्षं झाली, तेव्हा तिच्या पहिल्या प्रवाशांची नातवंडं डब्यात बसण्याच्या वयाची होती.

प्लॅन आणि नंबर

आज ‘प्लॅन’ म्हटलं की आपल्याला सहल आठवते. मराठी नाट्यव्यवसायात या शब्दाचा अर्थ वेगळा आणि फार नेमका आहे. प्लॅन म्हणजे नाट्यगृहातल्या खुर्च्यांचा छापील आराखडा. बुकिंगच्या खिडकीत बसलेला माणूस तो समोर ठेवतो आणि विकलेल्या खुर्चीवर पेन्सिलीने खूण करतो. १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर सुरू झालं आणि तिथल्या खिडकीवर प्लॅन उघडायच्या दिवशी सकाळी रांगा लावणं हा पुणेकरांचा एक उद्योगच झाला.

या प्लॅनने एक साधी पण मोठी गोष्ट केली. थांबण्याची आणि बघण्याची फारकत केली. रांगेत एकदा उभं राहायचं, सकाळी अर्धा तास. त्यानंतर खुर्ची तुमची. प्रयोगाला पाच मिनिटं आधी पोचलं तरी चालतं. नियोजनाचा हा चांगला चेहरा आहे: थोडं आधी ठरवा, म्हणजे ऐन वेळी ताटकळायला नको.

त्याच काळात पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, आकुर्डीत, एक निराळीच रांग तयार होत होती. बजाजची चेतक स्कूटर १९७२ साली आली. परवानाराजमुळे कारखान्याने किती स्कूटर काढायच्या हे सरकार ठरवणार, आणि मागणी त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे स्कूटरसाठी नंबर लावायचा आणि वाट बघायची. ही वाट दहा-दहा वर्षांपर्यंत लांबल्याचे दाखले आहेत. मुलगा कॉलेजात गेला की वडील नंबर लावत, आणि स्कूटर येईपर्यंत मुलाचं लग्न झालेलं असे.

आपल्या भाषेत ‘नंबर लावणे’ आणि ‘नंबर लागणे’ हे प्रयोग किती रुजले आहेत बघा. रेशन, गॅस, टेलिफोन, फ्लॅट, स्कूटर, दवाखाना. नंबर लावतो आपण. तो लागतो मात्र आपोआप, म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीने. या व्याकरणात एका पिढीचा अनुभव आहे.

आणि या रांगेला आडवाटा होत्या. एक म्हणजे वशिला. दुसरी म्हणजे ‘ऑन’, म्हणजे अधिकृत किमतीवरचे चोरटे पैसे. तिसरी वाट मात्र पूर्ण कायदेशीर होती: परदेशी चलनात पैसे भरले, तर स्कूटर लवकर मिळत असे. देशाला डॉलर हवे होते, हे कारण खरं. पण ज्याचा मेहुणा अमेरिकेत, त्याला स्कूटर आधी, हा त्याचा अर्थही खरा. एक्स्प्रेस पास ही कल्पना थीम पार्कांबरोबर आपल्याकडे आली असं वाटत असेल, तर ती त्याआधीच आकुर्डीच्या स्कूटरवर बसून आली होती.

देवांचीही रांग

पुण्याचा सगळ्यात मोठा, बिनतिकिटाचा थीम पार्क दरवर्षी दहा दिवस भरतो. हलते देखावे, रोषणाई, रात्रभर चालणारे पाय. त्यात दर्शनाच्या रांगा असतातच. पण शेवटच्या दिवशी गंमत होते. गणपतीच रांगेत उभे राहतात.

विसर्जन मिरवणुकीचा क्रम सार्वजनिक गणेशोत्सवाच्या सुरुवातीच्या वर्षांतच वादाचा झाला होता. कसबा गणपतीला पहिला मान, तांबडी जोगेश्वरीला दुसरा, मग गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा, हा क्रम रूढ झाला. हे पाच मानाचे गणपती संथपणे लक्ष्मी रस्त्याने अलका टॉकीज चौकाकडे जातात. मागे शेकडो मंडळं थांबलेली असतात. मिरवणूक चोवीस तास ओलांडते. करोनाच्या खंडानंतर २०२२ मध्ये ती तीस तासांच्याही पुढे गेली. दरवर्षी पोलीस आणि मंडळं बैठका घेतात, वेळापत्रक ठरतं, आणि दरवर्षी ते ढोलाच्या पहिल्या ठेक्यालाच कोलमडतं.

मागच्या मंडळांचं म्हणणं असं की पहिल्या पाचांना हवा तितका वेळ आणि आम्हाला मध्यरात्र, हा कुठला न्याय? हा वाद न्यायालयापर्यंतही गेला. परंपरेचा मान आणि सगळ्यांचा सारखा हक्क, ही दोन्ही तत्त्वं आपल्याला एकाच वेळी पटतात, म्हणूनच तो सुटत नाही.

गोराई ते खालापूर

१९८९ साली मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडलं. पुण्यातल्या कित्येक शाळांच्या आणि घरांच्या सहली तिथे गेल्या. २०१३ च्या एप्रिलमध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेलगत, रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात, अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका सुरू झालं, आणि पुण्याहून दोन तासांच्या आत जागतिक धाटणीचा पार्क आला. नायट्रोमध्ये तर पायाखाली जमीनही नसते.

या पार्कांनी जत्रेपेक्षा एक गोष्ट मुळापासून बदलली. जत्रेतल्या पाळण्यात दर फेरीला पैसे पडतात. डिस्नेलँडमध्येही सुरुवातीची अनेक वर्षं राइडप्रमाणे वेगवेगळ्या वर्गाची कुपनं लागत. ती पद्धत १९८२ मध्ये बंद झाली. आता गेटवर एकदाच मोठी रक्कम भरायची आणि आत सगळं ‘फुकट’.

फुकट गोष्टीची किंमत मात्र कुठेतरी वसूल होतेच. पैसे लागत नसतील तर वेळ लागतो. ज्या राइडला सगळ्यात जास्त मागणी, तिची रांग सगळ्यात लांब. रांग हेच तिथलं चलन बनलं. आणि हे चलन एका अर्थाने समतेचं होतं, कारण दिवसाचे तास सगळ्यांना सारखेच मिळतात.

मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की हे चलन पैशात बदलून देता येईल. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास आणला, तेव्हा तो मोफत होता. मशीनमधून चिठ्ठी घ्यायची, तिच्यावर लिहिलेल्या वेळी परत यायचं. नाटकाच्या प्लॅनसारखंच. २०२१ मध्ये तो मोफत पास गेला आणि त्याच्या जागी पैसे भरून घ्यायची सेवा आली. इमॅजिकामध्ये एक्स्प्रेस तिकीट विकलं जातं. जगभरच्या बहुतेक मोठ्या पार्कांत असं काही ना काही असतं.

रांगेचं गणित

रांगेचं शास्त्र जन्मलं टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीशी संबंधित काम करणाऱ्या आग्नेर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली, कॉल किती येतील आणि लाइन किती ठेवाव्यात याचा हिशोब मांडला. १९६१ साली जॉन लिटलने एक फार साधा नियम सिद्ध केला. व्यवहारात तो असा वापरता येतो: तुमच्यापुढची माणसं भागिले तासाला सुटणारी माणसं, बरोबर तुमचं थांबणं.

करून बघू. समजा, एका रोलर कोस्टरमध्ये २४ जागा आहेत आणि दर तीन मिनिटांनी फेरी सुटते. म्हणजे तासाला २० फेऱ्या, ४८० माणसं. तुमच्यापुढे साध्या तिकिटाचे ७२० जण आहेत. तुम्ही दीड तास थांबाल.

आता दर फेरीतल्या ६ जागा एक्स्प्रेसवाल्यांसाठी ठेवल्या. साध्या रांगेसाठी उरल्या १८. तासाला ३६० माणसं. तेच ७२० जण, पण आता थांबणं दोन तास.

गाडी तीच, वेग तोच. एक्स्प्रेसच्या पैशातून नवीन डबा जोडला गेलेला नाही. एक्स्प्रेसवाल्याने वाचवलेला वेळ पार्कने निर्माण केलेला नाही. तो तुमच्या अर्ध्या तासातून आला आहे. पार्कने तुमचा वेळ दुसऱ्याला विकला आणि पैसे स्वतः ठेवले. वशिल्याची पावती मिळत नसे, याची मिळते, एवढाच फरक.

याच्या बाजूने बोलणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. जास्त पैसे देणाऱ्यांमुळे साधं तिकीट स्वस्त ठेवता येतं, असं ते म्हणतात. वर्षातून एकच सुट्टी मिळणाऱ्या माणसाने आपल्या वेळेची किंमत मोजली तर बिघडलं कुठे, असंही विचारतात. व्हीलचेअरवरच्या माणसाला, गरोदर बाईला, म्हाताऱ्या आजोबांना पुढे सोडण्यावर तर कोणाचाच आक्षेप नसतो. रांग मोडणं नेहमीच अन्यायाचं नसतं. प्रश्न एवढाच, की ती कोणत्या कारणाने मोडली, आणि ज्यांच्या वेळेतून ती मोडली त्यांना कोणी विचारलं का.

नियोजनाची रांग

थांबण्यावर उपाय म्हणून नियोजन आलं. आता नियोजनालाच रांग आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांमध्ये आई-बाबा पुण्याहून आले की ऑर्लँडोची सहल ठरलेली. तिथे राइडच्या वेळा काही दिवस आधीच ठरावीक सकाळी खुल्या होतात. त्या दिवशी घरातला सगळ्यात चपळ बोटांचा माणूस अलार्म लावून उठतो. कोणत्या क्रमाने राइड घेतल्या तर सगळ्यात कमी चालावं आणि थांबावं लागेल, हे सांगणारी सॉफ्टवेअरं आहेत. हे गणितातल्या फिरत्या विक्रेत्याच्या प्रश्नाचंच रूप. एक माणूस, अनेक ठिकाणं, सगळ्यात छोटा मार्ग शोधा. संगणकांना घाम फोडणारं हे कोडं आता आई-बाबांना सुट्टीत सोडवायला मिळतं.

आपल्याकडे हा आजार थीम पार्कापुरता राहिलेला नाही. साताऱ्याचं कास पठार घ्या. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत ते आलं आणि पावसाळा संपता संपता तिथे फुलं बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागली. फुलं पायाखाली जाऊ लागली. मग कुंपण आलं, शुल्क आलं, ऑनलाइन बुकिंग आलं, दिवसाला ३००० च्या आसपास माणसांची मर्यादा आली. ही मर्यादा गरजेची होती. कासची रांग फुलांना वाचवते, आणि रांगेचं याहून चांगलं समर्थन सापडणं कठीण.

पण बुकिंग करणाऱ्याच्या डोक्यात वेगळंच सुरू होतं. अमुक शनिवारी अमुक वेळेचा स्लॉट घेतला, पैसे भरले, म्हणजे त्या वेळी फुलं दिसलीच पाहिजेत. धुकं उतरलं, ऊन पडलं नाही, बहर आठवडाभर पुढे गेला, तर माणूस चिडतो. ज्या पठारावर टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, तिथे आपण अर्ध्या तासाचा हिशोब मागत उभे असतो.

नियोजनाने थांबणं कमी झालं, असं दरवेळी म्हणता येत नाही. बऱ्याचदा ते फक्त पायांतून निघून डोक्यात गेलं. रमण्यातला माणूस एक रात्र भिजला आणि मोकळा झाला. आपण तीन आठवडे आधीपासून शीट भरत असतो, आणि राइडमध्ये बसल्यावरही पुढच्या राइडची रांग अ‍ॅपवर बघत असतो. शिवाय यात एक चलाखी आहे. पार्कने मावतील तेवढीच तिकिटं विकली, तर नियोजनाची गरजच कमी पडेल. ती मर्यादा सैल ठेवली, की गर्दी सांभाळायचं काम पाहुण्याच्या गळ्यात येतं. मग रांग लांबली तर आपण व्यवस्थेला प्रश्न विचारत नाही. ‘सकाळी अजून लवकर निघायला हवं होतं,’ असं एकमेकांना सुनावतो.

‘ते आधी का गेले?’

रांगेत उभं असलेलं मूल शेजारच्या मोकळ्या वाटेने कोणी पुढे गेलं की हा प्रश्न हमखास विचारतं. पुण्याने या प्रश्नाला आजवर वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. ते त्या जातीत जन्मले म्हणून. त्यांचा मान पहिला आहे म्हणून. त्यांनी डॉलर भरले म्हणून. त्यांची ओळख आहे म्हणून. त्यांनी एक्स्प्रेस तिकीट काढलं म्हणून. त्यांना उभं राहवत नाही म्हणून. ते आपल्याआधी आले होते म्हणून.

यातल्या शेवटच्या दोन उत्तरांवर मूल गप्प बसतं आणि पुन्हा पाळण्याकडे बघू लागतं. बाकीच्या सगळ्यांवर त्याचा पुढचा प्रश्न तयार असतो.